स्कोपच्या बाहेरचे पोहे

इंटर्नशिपचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. रविवारपर्यंत धुण्याचे कपडे साचतात, तसे आपोआप साचतात. आमच्या फ्लॅटवर कोणी नवीन आलं की मैत्रिणी म्हणतात, ‘‘तुझ्या सरांचं सांग ना!’’ मग मला सुरुवातीपासून सुरुवात करावी लागते.

मी यवतमाळची. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाआधी सहा महिने कुठल्यातरी ऑफिसात काढायचे आणि ‘ट्रेनिंग पूर्ण’ असं लेटर कॉलेजला द्यायचं. लेटर नाही, तर वर्ष गेलं. मला सदाशिव पेठेतलं एक ऑफिस मिळालं. खाली ऑफिस, वर सरांचं घर. निघताना बाबांनी बजावलं होतं, ‘‘कोनाले नाही म्हनू नको बाप्पा!’’ त्यामुळे पहिल्याच दिवशी मी सरांना म्हणाले, ‘‘काहीही सांगा सर, मी करेन.’’

सगळ्याचं मूळ हे वाक्य.

*

दुसऱ्याच दिवशी सर आणि मी लोणी काळभोरला एका बंगल्याच्या साइटवर गेलो. स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची ठरवायची होती आणि मालकीणबाई नेमक्या माहेरी गेल्या होत्या. मालकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘‘आमच्या हिच्याएवढीच हाय की ही पोरगी.’’

झालं. विटांवर फळी टाकून ओटा तयार केला आणि सर म्हणाले, ‘‘पोळ्या लाटा.’’ ना कणीक, ना लाटणं. मी अर्धा तास हवेत पोळ्या लाटत होते आणि सर कोपराला टेप लावून विटा कमी-जास्त करत होते. शेजारच्या बाई सासूला बोलावून घेऊन आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संपलं वाटलं, तोच मालक म्हणाले, ‘‘आता भांडी घासून दाखव.’’

सिंक राहिलं होतं.

*

काकू म्हणजे सरांच्या मिसेस. स्वभावाने लोण्याहून मऊ, पण मला ‘ड्रॉइंग येतं’ हे त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं होतं. हळदीकुंकवाच्या दिवशी दारात रांगोळी काढायला मलाच सांगितलं. मी काढली. सर जिना उतरता उतरता थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ‘‘मध्य चुकलाय. रिव्हिजन करा.’’

मी पुसून परत काढली. मग पाकळ्यांची जाडी सारखी नव्हती. मग उंबऱ्यापासूनचं अंतर. तिसरी रिव्हिजन मंजूर झाली, तेव्हा बायका वाण घेऊन घरी निघाल्या होत्या.

*

हळूहळू माझ्या टेबलावर काकूंची लाइटबिलं, सोसायटीची पत्रं, लग्नपत्रिका, शेजारीपाजारी वाटायच्या मिठाया, लोणच्याच्या बरण्या असं सगळं येऊन पडायला लागलं. ऑफिसमध्ये मधुराताई म्हणून सीनिअर होती. तिने मला नाही म्हणायला शिकवलं. दोन दिवस आरशासमोर प्रॅक्टिस करून मी सरांना म्हणाले, ‘‘सर, हे माझ्या स्कोपमध्ये येत नाही.’’

आता नारळ मिळणार, असं मला वाटलं. सर शांतपणे म्हणाले, ‘‘मग स्कोप काढून आणा. तोंडी सांगितलेलं साइटवर चालत नाही, इथेही चालणार नाही.’’

मी रीतसर शीट काढली. ‘इंटर्न: कामाच्या हद्दी.’ टीप एक, सहानंतर काम नाही. टीप दोन, घरगुती कामं आणि पदार्थ स्कोपच्या बाहेर. टीप तीन, या टेबलावर ड्रॉइंगशिवाय कुठलाही कागद ठेवू नये.

सरांनी लाल पेनाने तपासली. हरकत एकच निघाली, ‘‘उत्तर दिशा दाखवलेली नाही.’’

प्रत्येक ड्रॉइंगवर असतो तसा उत्तरेचा बाण काढल्यावर मंजुरीचा शिक्का बसला आणि शीट माझ्या टेबलामागे लागली.

*

आणि खरंच सगळे ती पाळायला लागले! सहा वाजले की सर बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबायचे. उरलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी.

एकदा काकू पोह्यांची बशी घेऊन आल्या. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. सवयीने मी हात पुढे केला. काकूंनी शीट वाचली. ‘‘अगं, पदार्थ बाहेर आहेत की तुझ्या,’’ असं म्हणून त्या बशी मधुराताईला देऊन गेल्या. पदार्थ म्हणजे वाटायच्या मिठाया आणि लोणच्याच्या बरण्या असं मला म्हणायचं होतं. पण ते लिहिलेलं नव्हतं.

*

शेवटचा आठवडा आला. लेटर शनिवारी सकाळी कॉलेजला द्यायचं होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला, सर काही बोलेनात. शीट काढल्याचा राग धरला असेल, असं वाटून मला जेवण जाईना. तिकडे बाबांचे कॉलनीत पेढे वाटून झाले होते.

शुक्रवारी सहाला एक मिनिट कमी असताना मी धीर केला. ‘‘सर, माझं लेटर?’’

‘‘मंगळवारीच सही केलीय.’’

‘‘मग दिलं का नाही?’’

सरांनी चष्म्यातून माझ्यामागच्या शीटकडे पाहिलं. ‘‘टेबलावर ठेवायला आणलं होतं. टीप क्रमांक तीन.’’

मी हात पुढे केला. सरांनी ड्रॉवर उघडला, लेटर बाहेर काढलं, घड्याळाकडे पाहिलं आणि लेटर परत आत ठेवलं. सहा वाजले होते.

‘‘रिव्हिजन काढा,’’ सर म्हणाले. ‘‘मी थांबतो.’’

मी बंद केलेला कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. जिन्यावरून काकूंचा आवाज आला, ‘‘काढतेच आहेस, तर पोहेपण घाल गं त्यात.’’