वरच्या खोलीचा थंडीचा बंदोबस्त

साताऱ्याची थंडी ती केवढी? सकाळी स्वेटर घालावा आणि दुपारी पंखा लावावा, एवढीच. पण हे आमच्या ह्यांना कोण सांगणार! फौजेत असताना ह्यांनी दोन हिवाळे बर्फात काढले, आणि तेव्हापासून जगातली सगळी थंडी ह्यांच्या हुकमतीखाली आली. दिवाळी झाली की पठ्ठ्या गच्चीवर. सोलरच्या पाइपला पोतं गुंडाळायचं, टाकीला पोतं गुंडाळायचं. म्हटलं, अहो, इथं पाण्याचा बर्फ झालेला कुणाच्या बापानं पाहिलाय का? तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" खरं आहे. मला काय कळणार, मी आपली पोतं धुणारी.

वरची खोली आम्ही भाड्यानं देतो. गेल्या वर्षी तिथं एक जोडपं होतं. तो एमआयडीसीत कामाला, ती गरोदर. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिचं माहेर शिराळ्याकडचं आणि डॉक्टर साताऱ्यातला, म्हणून आईच लेकीकडं आली. मुलगी झाली. वजनाला अगदी कमी, मांजराच्या पिलाएवढी. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, बाळाला ऊब द्या, गारठा लागू देऊ नका. एवढंच निमित्त पुरलं. ह्यांनी मोहीमच हाती घेतली.

सरकत्या खिडक्यांच्या फटीत सिलिकॉन भरलं. बाथरूमच्या पंख्याच्या भोकावर प्लायवूड ठोकलं. दारावरच्या झरोक्यात फोम कोंबला आणि दाराखाली रबराची पट्टी लावली. मग बाळाच्या बापाला शेजारी उभं करून म्हणाले, "सुई बराबर हवा नहीं आनी चाहिए, समझे?" तो बिचारा काका, काका करत मान हलवत होता. भाडेकरूनं मान हलवली की आमच्या घरात पदक मिळाल्याचा आनंद. संध्याकाळी पारावरच्या म्हाताऱ्यांनासुद्धा सांगून आले, आपण खोली कशी पॅक केली ते. मी म्हटलं, खोली आहे का लोणच्याची बरणी?

बाळाची आजी मात्र खूश. म्हणाली, "वैनी, तुमचं मालक लय गुणाचं. माज्या लेकीला वारं म्हणून लागायचं न्हाई." या बाईंचा वाऱ्यावर कसला राग होता देव जाणे. मी बाळ बघायला गेले तरी दार बोटभर उघडायच्या आणि म्हणायच्या, "या की, पण लवकर आत या." घरमालकीण मी, आणि माझ्याच घरात चोरासारखी आत शिरायची.

त्यांनी गावाकडनं बाज आणवली, शेगडी आणवली, कोळशाचं पोतं आणवलं. बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणून. आता शेक काही वाईट नाही. मीही घेतलाय, ओव्याच्या धुरीसकट. पण माझं माहेर कौलारू. वर बघितलं की फटींतनं आभाळ दिसायचं, उंदीर दिसायचे, धूर कुठनं गेला ते विचारायलाच नको. म्हणून मी जिन्यातच आजींना बजावलं, "आवं मावशी, शेगडी पेटवली तर दार उघडं ठेवा. ही खोली स्लॅबची आहे, त्यात बुजवून टाकलीय." बाई हसल्या. म्हणाल्या, "आमी काय आज बाळंतपणं करतोय व्हय?" ह्यांना सांगितलं तर हे पेपरातनं डोकं वर न काढता म्हणाले, "त्यांचं त्यांना कळतंय." म्हणजे अक्कल सगळ्यांना, मला सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अळिवाची खीर घेऊन वर गेले. बाळाचा बाप रात्रपाळीवरनं अजून यायचा होता. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. बऱ्याच वेळानं आजींनी दार उघडलं आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "डोकं लय ठणकतंय. लेकीला पण मळमळतंय. कुणाची तरी नजर लागली बगा." आतनं तापल्या भट्टीसारखी झळ आली. बाजेखाली शेगडी लालबुंद. पोरगी डोळे मिटून पडलेली, हाक मारली तर नुसती कण्हली. आणि तिच्या कुशीतलं बाळ काहीच करत नव्हतं. मी उचललं तर मान एका बाजूला गेली. अगं आई गं! माझ्या हातातली वाटी कुठं पडली मला आठवत नाही.

बाळ घेऊन मी जिन्यात पळाले आणि ह्यांच्या नावानं ठणाणा केला. हे वर आले. बाळ त्यांच्या हातात कोंबलं, म्हटलं तळपाय चोळा, आणि मी परत आत गेले. खिडकी सरकवायला गेले तर सरकेना. कशी सरकेल, फौजी काम! स्वयंपाकाच्या ओट्यावरचा वरवंटा उचलला आणि काच फोडली. आजी माझा पदर ओढून किंचाळत होत्या, "आवं, वारं लागंल! बाळंतीण हाय ती!" मी त्यांना ढकललं. हो, ढकललं. पोरीच्या काखेत हात घालून तिला फरपटत जिन्यात आणलं.

तिथं हे बाळ छातीशी धरून बसले होते. तळपाय चोळत होते. मला म्हणाले, "अगं, बर्फात शेगडी पेटवली की तंबूचं तोंड उघडं ठेवायचा हुकूमच असायचा." मी म्हटलं, "मग इथं काय झालं होतं?" ह्यांनी मान खाली घातली आणि तळपाय आणखी जोरात चोळायला लागले. बायकोसमोर हा माणूस पहिल्यांदा हरला, आणि तेव्हा मला त्याचं काही सुख वाटलं नाही. बाळाच्या ओठांकडं बघत मी नुसती म्हणत होते, रड गं बाई, रड. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते तोंड वेडंवाकडं झालं आणि त्यातनं बारीकसा आवाज आला.

दवाखान्यात बाळाला आणि बाळंतिणीला ऑक्सिजन लावला. डॉक्टर आजींवर ओरडले, जावयावर ओरडले, ह्यांच्यावर तर फारच ओरडले. कोंडलेल्या खोलीत कोळसा जाळला की त्याचा विषारी वायू होतो, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. आजींनी ऐकून घेतलं आणि व्हरांड्यात येऊन मला म्हणाल्या, "आमच्याकडं पिढ्यान्पिढ्या शेगडी पेटती. नजरच ती." धन्य!

महिना संपताच त्यांनी खोली सोडली. खिडक्या फोडणाऱ्या बाईच्या घरात बाळंतीण ठेवायची नाही, असं आजींचं म्हणणं. हे खालीसुद्धा आले नाहीत, वर सुरीनं सिलिकॉन खरवडत बसले होते. टेम्पोत बाज चढली, शेगडी चढली. आजी माझ्याकडं न बघता ड्रायव्हरला मोठ्यानं सांगत होत्या, "या बाईनं बाळंतिणीच्या अंगावर वारं घातलं. तवापासनं पोर नुसती रडती बगा, रात न्हाई दिस न्हाई."

खरंच रडत होती. लाल होऊन, मुठी आवळून, सगळी गल्ली बाहेर येईल अशी. मी फाटकाला धरून उभी होते.

"आवं मावशी," मी म्हटलं, "रडू द्या की तिला."