सुञ्ञ, सुनं आणि भिलाईतला यंत्रमानव

सुनीता शेंडे बाईंनी मला पाली शिकवली. तुमसरला, आमच्या वस्तीतल्या विहारात, दर रविवारी घंटी वाजवून, सतरंजीवर बसवून. घरातला मी पहिला पदवीधर, आणि त्या पदवीमागे बाई आहेत. म्हणून भिलाईच्या एका मराठी मंडळाने भाषणाला बोलावलं, तेव्हा मी विषय कळवला : एका जपानी विज्ञान-ॲनिमे मालिकेवरचे साहित्याचे आणि संस्कृतीचे संस्कार. बाईंचं नाव भरसभेत घ्यायची अशी संधी पुन्हा कधी आली असती?

सकाळच्या गाडीने निघालो. डोंगरगड, राजनांदगाव करत दुर्ग आलं. पुढे भिलाईला लागूनच्या चरोद्याची लोकल धरायची होती. मी चुकीच्या फलाटावर जेवणाचा डबा उघडून बसलो आणि लोकल माझ्या समोरून निघून गेली. पुढच्या गाडीतून पोलाद कारखान्याची धुरांडी पाहत चरोद्याला पोचलो. तिथल्या रेल्वे कॉलनीत बाईंची धाकटी बहीण, कुसुममावशी राहतात.

दारातच म्हणाल्या, "ताईनं फोन करकरून जीव खाल्ला माहा. आला का, जेवला का! इतका कोन लाडाचा हाय, पाहू तं दे."

फरा (तांदळाच्या पिठाची वाफवलेली मुटकी) आणि टमाटरची तिखट चटणी समोर आली. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी रुची हिने टीव्हीवर तीच मालिका लावली.

मालिकेची गोष्ट अशी : ओसाड पोलादनगरीत एक यंत्रमानव एकटाच पूल दुरुस्त करत हिंडतो. त्याचा एकेक भाग झिजतो, बदलला जातो. जुनं काहीच उरत नाही, तेव्हा तो विचारतो, मग मी कोण? प्रयोगशाळेत माणूस घडवणाऱ्या जुन्या युरोपीय कादंबऱ्यांची सावली या मालिकेवर आहे. फार वर्षं वापरलेल्या अवजारात जीव येतो, ही जपानी लोकसमजूतही आहे. पण गाभ्याशी आहे ती बाईंनी विहारात सांगितलेली रथाची गोष्ट. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? तीही नाही. मग रथ कुठे आहे?

पडद्यावर यंत्रमानवाने आपली छाती उघडली. आत काही नव्हतं. खाली हिंदी ओळ उमटली : मैं ज़ीरो हूँ.

"बिचारा!" मावशी म्हणाल्या. "नापास झाला का?"

"मम्मी, प्लीज! इतना सीरियस सीन है," रुची ओरडली.

मला हसू आलं आणि संतापही आला. मूळ जपानी शब्द बौद्ध शून्यतेचा. भारतातून चीनमार्गे जपानला गेलेला तो विचार परत येताना परीक्षेतला भोपळा झाला! मी मावशींना सांगितलं, पालीत याला सुञ्ञ म्हणतात.

"म्हंजे आपलं सुनंच नं? रुचीचे बाबा नाइट ड्यूटीले गेले का घर सुनं वाटते, तसं?"

अर्थ अगदी तोच नाही, पण शब्दाचं घराणं एकच. मी ते वाक्य भाषणात घातलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ऑटोने भिलाईच्या सिविक सेंटरला गेलो. जवळच्या सभागृहात मंडळाच्या सचिवांनी माझे कागद मागून घेतले आणि चाळले.

"सर, ते अवजारांचं झकास आहे. विश्वकर्मा पूजेला आम्हीही क्रेनला हार घालतो. ते राहू द्या. पालीचं आणि विहाराचं तेवढं काढा."

"का?"

"लोक म्हणतील, विशिष्ट समाजाचं भाषण आहे. भारतीय परंपरा म्हणा ना. त्यात सगळं आलं. त्या बाईंचं नावही कशाला?"

विशिष्ट समाज! क्रेनला हार घालणारे सगळ्यांचे, आणि सतरंजीवर बसून शिकवणारी बाई तेवढी विशिष्ट. जपानने ज्या विचाराचं ऋण उघड मिरवलं, तो आमच्या सभागृहात नाव बदलून, मान खाली घालून यावा! मी कागद परत घेतले आणि व्यासपीठावर गेलो.

युरोपवर बोललो, कोणी हललं नाही. अवजारांवर टाळ्या पडल्या. मी "पाली" म्हणालो आणि सचिवांनी घंटी वाजवली. माझी वेळ संपली नव्हती. मी थांबलो. तेवढ्यात मागून आवाज आला :

"अजी, घंटी कावून वाजवून राहिले? बोलू द्या त्याले! माह्या बहिणीचं नाव यायचंच हाय अजून!"

सभागृह हसलं. घंटी पुन्हा वाजली. मी तिच्यावरून आवाज चढवून रथ सांगितला, सुञ्ञ सांगितलं, सुनं सांगितलं, आणि बाईंचं नाव विहारासकट घेतलं.

खाली आल्यावर सचिव म्हणाले, मंडळाच्या स्मरणिकेत भाषण थोडं संपादित करून घेऊ. मी म्हणालो, मग घेऊच नका.

परतीच्या गाडीत राग शांत होईल असं वाटलं होतं. झाला नाही, आणि व्हावा असंही आता वाटत नाही. यंत्राला स्वतःची ओळख शोधायची मुभा देणारी माणसं, एका शब्दाला त्याचं गाव सांगू देत नाहीत. घरी येताच बाईंना पत्र टाकलं. त्या आता मुलाकडे नागपूरला असतात.

"आदरणीय बाई, सप्रेम जयभीम.

तुमचं नाव घेतलं. आधी मावशींनी टाळ्या वाजवल्या, मग रुचीने, मग मागच्या रांगांनी. पुढच्या रांगेचं विचारू नका. भाषण छापून येणार नाही, म्हणून हाताने उतरवून सोबत पाठवतो आहे. तुम्ही म्हणाल, राग सोड. तुमचं एवढंच ऐकणार नाही. पुढच्या वेळी तुमसरला आलात की रविवारी विहारात हे वाचून दाखवा. तिथे घंटी तुमच्याच हातात असते.

तुमचा विद्यार्थी."