मिशी आणि चार कलमं

आमची कंपनी होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग विकते. जयगडपासून पूर्णगडपर्यंतच्या सगळ्या इंजिन मेकॅनिकांची यादी मी केली आणि रत्नागिरीच्या ऑफिसात सर्वांसमोर साहेबाला सांगून बसलो, "एक जरी नाव सुटलं असेल तर मिशी उतरवीन." माझी जीभ नेहमीच माझ्यापुढे दोन पावलं चालते.

साहेब पुण्याचा, गोड बोलून काटा काढणारा. म्हणाला, "आपली यादी आपणच तपासून काय उपयोग? दोन्ही टोकांना दहा-दहा होडीवाल्यांना विचारा, इंजिन बिघडलं की कोणाला बोलावता. ती माणसं यादीत आहेत का बघा."

जयगडात दहाही उत्तरं जुळली. मिशीवर हात फिरवत मी पूर्णगडला गेलो. तिथे दहाही जणांनी एकाच काकांचं नाव घेतलं, आणि ते यादीत नव्हतं.

"मेल्या, मागल्या महिन्यात तू त्याच्याशीच बोलत होतास ना?" एक म्हातारा होडीवाला म्हणाला.

मग आठवलं. कोपरापर्यंत ग्रीसने माखलेल्या काकांना मी विचारलं होतं, "व्यवसाय काय?" ते म्हणाले, "आंबा बागायतदार." बागायतदार आपल्या काय कामाचा, म्हणून मी शहाण्याने नाव गाळलं होतं.

काका जेटीवरच सापडले, इंजिनात डोकं घालून.

"काका, कलमं किती तुमची?"

"चार. त्यातलं एक धरतच नाही."

"मग मेकॅनिक लिहू?"

त्यांचा चेहराच उतरला. "नको रे बाबा. मुलीचं स्थळ चाललंय. 'वडील बागायतदार' असं लिहून दिलंय आम्ही. तुझ्या कागदावर भलतंच निघालं तर?"

आमची यादी कुठले मुलाकडचे वाचणार? हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. माझ्या लग्नात माझ्या बाबांनी हेच लिहिलं होतं. गावाला आमची कलमं तीन. बायकोला ती कधी मोजावीशी वाटली नाहीत, हे माझं नशीब. मला माझीच लाज वाटली.

ऑफिसात सांगितलं, "एक नाव सुटलंय, पण ते मी देणार नाही."

"मग पूर्णगडची यादी किती टक्के बरोबर धरायची?" साहेबाने विचारलं.

"शून्य," म्हणालो आणि सरळ न्हाव्याकडे गेलो.

घरी बायकोने दार उघडलं आणि हसून हसून खालीच बसली. मी सगळी हकिगत सांगितली, फक्त आमची कलमं वगळून.

"बरं केलंत, नाव दिलं नाहीत ते," ती डोळे पुसत म्हणाली. "आपली तीनच आहेत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच मोजली होती मी."