शैलाताईचा उजवा पाय

शैलाताई गाडीत बसली की आधी चपला काढून सीटखाली सरकवायची, तिथलेच कॅनव्हासचे बूट घालायची आणि नाड्या करकचून बांधायची. मग ब्रेक दाबून बघायची. आरसा जागेवर असला तरी बोटाने जरा हलवून पुन्हा होता तिथे आणायची आणि शेजारच्याला विचारायची, "पट्टा?" एवढं झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. मागून कोणी हॉर्न वाजवून कंपनीचं गेट डोक्यावर घेतलं तरी नाही. "वाजव बाबा, तुझाच हॉर्न आहे," असं म्हणत ती दुसरी नाडी बांधायला घ्यायची.

मरोळला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत मी अकाउंट्सला नवीन लागले होते. ती तिथे खरेदी सांभाळायची. रिक्षांचा संप होता त्या संध्याकाळी मी गेटपाशी ताटकळत होते. एक पांढरी गाडी समोर येऊन थांबली. काच खाली झाली.

"मुलुंडला ना? बस. दार आपटू नकोस."

"मॅडम, तुम्हाला उगाच त्रास..."

"तुम्ही-तुम्ही काय करतेस गं? पुण्याहून आलीस का? बस आधी."

त्या दिवसापासून जाता-येता मी तिच्याच गाडीत. ती माझ्याहून बरीच मोठी होती, पण चारच दिवसांत मॅडमची ताई झाली आणि तुम्हीची तू.

शैला कांबळे हे नाव आमच्या कंपनीत माल पुरवणाऱ्यांना चांगलंच ठाऊक होतं. उशिरा माल देणाऱ्याला ती फोनवर शांतपणे विचारायची, "दादा, माल येणार आहे की कारणं येणार आहेत? कारणं असतील तर ट्रक पाठवू नका, फोनवर मावतात." कोणी अचानक नोकरी सोडली की म्हणायची, "बघ, सिग्नल न देता वळला." माणसं चांगली की वाईट यापेक्षा ती आधी सांगतात की नाही, यावर ती त्यांना जोखायची.

तिचे वडील साताऱ्याकडून येऊन घाटकोपरच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ते लवकर गेले. धाकट्या भावाचं शिक्षण, त्याचं लग्न, मुलुंड पूर्वेचं दोन खोल्यांचं घर, सगळं हिने केलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. कोणी विचारलंच तर म्हणायची, "गाडीला मागची सीट आहे की. बसेल कोणीतरी कधीतरी." चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली आणि पवईच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून गुडघे झिजवायचे नाहीत म्हणून तिने ऑटोमॅटिक घेतली. दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायाने चालवायची. डाव्याला सुट्टी.

त्यांच्या घराण्यातली ती पहिली गाडी. आई म्हणजे ऐंशीकडे झुकलेली, किडकिडीत, खणखणीत आवाजाची बाई. तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "पुढची शीट माजी." दर रविवारी शैलाताई आईला ऐरोलीच्या पुलावरून पलीकडे नेऊन परत आणायची. काम काहीच नाही. आईला खाडीवरचं वारं आवडायचं.

गाडीने पहिली सूचना दिली तेव्हा मी आतच होते. पवईच्या चढावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. टिंग टिंग झालं आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली. इंग्रजीत होती, पण अर्थ साधा होता : ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले आहेत.

"काय गं हे?" मी विचारलं.

"सेन्सर गंडला असेल. नवीन गाड्या फार बोलतात."

आठवडाभरात पुन्हा आलं. मग साकीनाक्याला, मग कांजूरमार्गच्या पुलाखाली. कधी गाडी मधेच दम सोडल्यासारखी व्हायची. दोन्ही पेडल दाबली गेली की गाडी आपणहून इंजिनाचा जोर काढून घेते, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. शैलाताई गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेली. त्यांनी पायाखालची चटई बदलली. ती पुन्हा गेली. त्यांनी बूट रुंद आहेत का विचारलं. तिने नवे, अरुंद बूट घेतले. तिसऱ्यांदा शनिवारी मीही तिच्याबरोबर होते. तिथला जाधव नावाचा माणूस गाडीखाली जाऊन, लॅपटॉप लावून, एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "मॅडम, गाडी ठीक आहे. ती सांगतेय तेच होतंय. तुमचा पाय दोन्हीकडे लागतोय."

"इतकी वर्षं लागला नाही तो?"

"ते मी कसं सांगू, मॅडम? पण गाडीत काही नाही."

शैलाताई भडकली. "तुम्हाला फॉल्ट सापडत नाही तर तसं सांगा ना. माझ्या पायावर कशाला येता?"

त्यानंतर मी तिच्या पायांकडे बघू लागले. ती ब्रेक डाव्या पायाने दाबत होती. सुट्टीवरचा पाय कामाला लागला होता आणि उजवा ॲक्सिलरेटरवर तसाच पडून राहत होता. मी म्हटलं, "ताई, तू दोन्ही पायांनी चालवतेस."

"मग? डाव्याने काय नुसतं बसून खायचं?" ती हसली. मीही हसले. कंपनीच्या जिन्यात तिची उजवी चप्पल वरचेवर पायातून निसटायची, तीही तेव्हा चपलेचीच चूक वाटायची. पट्टा सैल झालाय, म्हणून तिने दोनदा चपला बदलल्या.

मार्च संपत आला होता. सकाळची वेळ. मरोळच्या आत वळल्यावर एका शाळेपुढे झेब्रा क्रॉसिंग आहे. आमची गाडी सावकाश चालली होती. एक बाई कडेवर मूल आणि हातात पाण्याची बाटली घेऊन रस्त्यात उतरली. शैलाताईने तिला लांबूनच पाहिलं होतं. तरी गाडी थांबेना. उलट पुढे झेपावली. मग ताईचा डावा पाय दाणकन ब्रेकवर पडला, टिंग टिंग सुरू झालं, इंजिनाचा आवाज बसला आणि गाडी त्या बाईच्या साडीला जवळजवळ लागून थांबली. बाईच्या हातातली बाटली बॉनेटवर पडून खाली घरंगळली.

बाईने आधी मुलाला चाचपलं. मग तोंड सोडलं. "डोळे फुटले का? पोरगं मेलं असतं माझं!" लोक जमले. शैलाताई काच खाली करून हात जोडून बसली होती. "बरोबर आहे बाई तुमचं. बरोबर आहे." एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाई शेवटी स्वतःच गप्प झाली, बाटली उचलून निघून गेली.

गर्दी पांगली तरी ताईने गाडी हलवली नाही. पडद्यावरची पिवळी अक्षरं अजून तशीच होती.

"स्नेहल," ती म्हणाली, "मी पाय उचलला होता."

"हो गं, घाबरून होतं कधीकधी."

"ऐक ना. मी उचलला. तो उचलला गेला नाही."

तिने गाडी बंद केली, किल्ली काढून माझ्या हातात दिली. "कंपनीच्या ड्रायव्हरला बोलाव. मी आता चालवणार नाही." आज चालवणार नाही असं म्हणतेय, असं मला वाटलं. तिने त्यानंतर कधीच चालवली नाही.

तपासण्या पावसाळ्यापर्यंत चालल्या. एका दुपारी कॅन्टीनमध्ये, समोरचा चहा गार झालेला असताना, तिने मला सांगितलं. मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. आधी पाय, मग हात, मग जीभ, मग श्वास. औषध नाही. जे आहे ते फक्त थोडं लांबवतं.

"डॉक्टरने विचारलं, पहिल्यांदा कधी लक्षात आलं? मी म्हटलं, माझ्या कुठे, गाडीच्या लक्षात आलं. तो हसला. मग मी पेडलचं सांगितलं, तर हसायचा थांबला." ती चहाच्या कपाशी चाळा करत राहिली. "आईला काय सांगू गं?"

मी तिचा गार चहा बदलून आणायला उठले.

त्या शनिवारी तिने मला रिक्षा करायला लावली आणि आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. एव्हाना तिच्या हातात काठी आली होती. जाधव बाहेर आला.

"जाधव, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "गाडी ठीक होती. मी उगाच ओरडले तुमच्यावर."

तो खूश झाला. "बोललो होतो ना मॅडम! कस्टमर मानतच नाहीत. गाडी कुठाय?"

"घरी. मस्त आहे."

"अशीच ठेवा," तो म्हणाला. तिने मान डोलावली. त्याचं काठीकडे लक्ष गेलं नाही आणि ते गेलं नाही याचंच तिला बरं वाटलं.

आईला तिने कल्याणला भावाकडे पाठवायचं ठरवलं. "लहानपणी भरवलंय तिने मला. आता पुन्हा तेच करायला लावू?" भाऊ न्यायला आला. आईची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. आई पिशवीवर बसली आणि म्हणाली, "मला समदं कळतंय. म्हातारी झाले म्हणून येडी न्हाय झाले. म्या कुटं जानार न्हाय." भाऊ तासभर समजावत होता. शेवटी पिशवी पुन्हा कपाटात गेली.

गाडी खाली कव्हर घालून उभी होती. एका रविवारी शैलाताईने फोन केला. जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांना चिकटत होते. "आईला पुलावर जायचंय. तू शीक."

मी रीतसर क्लासला जाऊन शिकले. मग ताईच्या गाडीवर, ताई शेजारी. आईने कुरकुर करत पुढची सीट सोडली. ताई एकेक शब्द ओढून काढायची. "आरसा." "हळू." "दे. सिग्नल." एकदा विक्रोळीजवळ समोर टेम्पो आला आणि घाबरून माझे दोन्ही पाय दोन्हीकडे दाबले गेले. टिंग टिंग. तीच पिवळी अक्षरं. बाजूला बघितलं तर शैलाताई हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, श्वास लागेपर्यंत. "तुझा पाय... बरा आहे," ती म्हणाली. "डोकं... बघून घे." मागून आई विचारत राहिली, "काय झालं गं? मलाबी सांगा की."

त्या हिवाळ्यात आम्ही पुष्कळदा पूल ओलांडला. मग तिला सीटवर बसवणं अवघड झालं. मग खुर्चीवर. बोलणं आधीच गेलं होतं. मी जायचे तेव्हा आई तिला पेज भरवत असायची. चमचा ओठाशी, मग घशावरून हलकेच बोट फिरवायचं, गिळलं की पुढचा. एक वाटी पेज संपायला दुपार सरायची. शैलाताई आईकडे बघत राहायची. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकत नाही. लाज नव्हती, एवढं नक्की.

ती गेली तेव्हा उन्हाळा होता. घरात माणसं मावत नव्हती. माल पुरवणारे चार-पाच जण सकाळीच येऊन खाली उभे होते. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, भावाने आणि भाच्यांनी खांदा दिला. सगळे गेल्यावर मी आईपाशी बसले. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. रडत नव्हती. बराच वेळ ती स्वतःच्याच पायांकडे बघत होती. मग बोलली.

"ही लई उशिरा चालली, ठावं हाय? वस्तीतली समदी पोरं वरसात चालली. ही दोन वरसांची झाली तरी बसूनच. सासू म्हनायची, लंगडी निघाली पोर. म्या म्हनायची, चालंल तवा चालंल. तिला कशाची घाई न्हवती बघ कदी."

बाहेर कोणीतरी चपला शोधत होतं. आईने पदराने तोंड पुसलं.

"मग आत्ताच का गं घाई केली तिनं?"