सुवार्ताचं ताट

देवानं आपलं ऐकलं की नाही असा संशय मला पुष्कळदा आला आहे. पण त्यानं आपल्याला तोंडघशी पाडलं असं वाटलं ते एकदाच, गेल्या वर्षी. इचोड्याच्या पुढे एक ख्रिस्ती शाळा आहे. तिथल्या वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला, की सुवार्ता जेवत नाही, रडत राहते, येऊन घेऊन जा. मी आदिलाबादला साड्यांना फॉल लावून देते. हातातली साडी मशीनवर तशीच राहिली.

सुवार्ता आठ वर्षांची, तलमडुगुकडची. बाप आधीच गेलेला. तिची आई आमच्याच चर्चच्या मंडळीतली, माझी जिवाभावाची मैत्रीण. दवाखान्यात शेवटी शेवटी माझा हात धरून म्हणाली, "बाई, माह्या पोरीले प्रभूच्या शाळेत शिकवजो." मी शब्द दिला. मला मूलबाळ नाही, तेव्हा पोरीच्या शिक्षणाचा सगळा भार मी उचलला आणि महिन्याभरापूर्वीच तिला त्या वसतिगृहात ठेवलं होतं. खरं सांगायचं तर त्यात प्रेमाइतकाच तोराही होता. त्यामुळे फोन आला तेव्हा पोरीच्या काळजीआधी मंडळीतले लोक काय म्हणतील हेच मनात आलं. लिहितानाही लाज वाटते.

शनिवारी गेले. पोरगी वाळून अर्धी झाली होती. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशी, जेवाच्या टायमाले मले चला म्हन्तेत." वाढणारी राजम्मा ताटात डावभर भात घालते आणि लगेच "चला" म्हणून हाकलते, रोज! माझं टाळकंच सरकलं. आईबाप नाहीत म्हणून पोरीला अशी वागणूक? मी राजम्माचं तोंडही पाहिलं नाही. बाईंना फणकाऱ्यानं चार शब्द सुनावले, पेटी उचलली आणि निघाले. सोमवारपर्यंत सुवार्ता परतली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल, असं बाई मागून सांगत होत्या. माझ्या एका खोलीत ठेवायची सोय नव्हती, म्हणजे आता पोरीला तिच्या चुलत्याकडे सोडायचं. चुलता माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या स्वतःच्या मुलींचीही शाळा चौथीतच सुटली होती.

इचोड्याला आदिलाबादची बस काही लागेना. स्टँडवरच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात देवाशी कडाकडा भांडले. तूच दिलीस ना ही पोर? मग सांभाळायची अक्कल का नाही दिलीस? भांडून भांडून दमले, आणि मग तोंडून निघालं, "प्रभू, माझ्यानं नाही होत. आता तूच बघ." इतक्या वर्षांत देवाला मी कामं पुष्कळ सांगितली होती, पण हे मात्र पहिल्यांदाच म्हटलं.

पोरीच्या पोटात काही नव्हतं, म्हणून समोरच्या खानावळीत शिरलो. वाढायला एक म्हातारी होती, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि आवाज हा एवढा मोठा. तिनं सुवार्ताच्या ताटात भात घातला आणि विचारलं, "चाला?" त्यासरशी सुवार्ता भरलं ताट टाकून उठली आणि मुकाट दाराकडे निघाली.

म्हातारीनं तिचा दंड धरला. "अय्यो बिड्डा, काऊन उठून राह्यली? पुरे का म्हनून इचारलं मी!"

मी कपाळावर हात मारून घेतला. तेलुगूत 'चाला?' म्हणजे 'पुरे का?'. जन्म गेला माझा ही भाषा ऐकण्यात, बाजारात रोज बोलते, पण रागापुढे कानच बंद झाले होते. राजम्मा बिचारी रोज पुरे का विचारत होती आणि घरी नुसती मराठीच ऐकलेलं आमचं लेकरू ते 'चला' समजून रोज अर्ध्या पोटी उठत होतं. मी तिथंच सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले. म्हातारीनं पोरीला जवळ बसवलं आणि शिकवलं, "भूक असन तं म्हनाचं, चालदु! म्हंजे पुरत नाई." दहा वेळा घोकून घेतलं. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

बस आली, ती सोडून दिली आणि ऑटोनं पुन्हा शाळा गाठली. बाईंची माफी मागितली. मला वाटे, देवानं मला हाकललं. तो तर काही विचारत होता, आणि मी उत्तर न देताच उठून चालले होते.

तिथं दिवस मावळायच्या आतच जेवण असतं. सुवार्ता रांगेत उभी राहिली. राजम्मानं डाव रिकामा केला, "चाला?" मी खांबाआड जीव मुठीत धरून उभी. पोरीनं दोन्ही हातांनी ताट पुढे केलं आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशी ओरडली, "चालदु!" राजम्मा बघतच राहिली. आणखी एक डाव. "चालदु!" पोरी टाळ्या पिटायला लागल्या. बाईंनी राजम्माच्या कानात सगळं सांगितलं, तेव्हा तिनं डाव खाली ठेवला, पोरीला छातीशी धरलं आणि पदरानं डोळे पुसत पुन्हा वाढायला लागली.

सुवार्ता पोटभर जेवली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "मावशी, तू जाय आता. मी राह्यतो." पेटी तिच्या खाटेखाली सरकवली आणि मी म्हटलं, प्रभू, ही पोर तुझी, मी नुसती पोचवणारी. गेटाबाहेर पडले ती रिकाम्या हातानं, आणि आदिलाबाद येईस्तोवर बसमध्ये मोठ्यानं गात होते. कंडक्टर वळून वळून बघत होता. म्हटलं, बघू दे.