पाकिटातले तीनशे एक पौंड

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी नॉटिंगहॅमला होतो. तिथे, चाळिशी उलटल्यावर, मी पहिल्यांदा बंदूक हातात घेतली. वेड लावलं ते ऑफिसात शेजारी बसणाऱ्या इंग्रज सहकाऱ्याने. वीस वर्षं तो एकाच शेतावर कबुतरं मारायला जात होता. कबुतरं वाटाण्याचं पीक फस्त करायची, म्हणून शेतकऱ्यालाही तो हवाच असायचा. भाडं वगैरे काही नाही. ख्रिसमसला व्हिस्कीची एक बाटली, बस्स.

पोलिसांकडून लायसन्स मिळालं आणि माझे शनिवार सणासारखे झाले. कुंपणाला जाळी बांधून आम्ही तिच्याआड दबून बसायचो. समोर आमिष म्हणून प्लॅस्टिकची कबुतरं मांडलेली. लांबच्या झाडांवरून एक ठिपका सुटायचा, मोठा होत यायचा.

"थांब... थांब... आता!" तो कुजबुजायचा.

माझा पहिला पक्षी पडला तेव्हा मी चक्क ओरडलो. "गप्प बस वेड्या, बाकीचे उडतील!" तो म्हणाला, पण तोही हसत होता.

बायको शाकाहारी. "अहो, मारता ते मारता, वर फुकटात?"

ते मला लागलं. पाकिटात तीनशे एक पौंड घातले आणि सहकाऱ्याला न सांगता शेतकऱ्याच्या दारात उभा राहिलो.

"वर्षाचे," मी म्हणालो.

"आणि हा सुटा पौंड?"

"आमच्यात शुभ असतं."

त्याने पाकीट खिशात घातलं.

सोमवारी सहकारी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "तो माझ्याकडेही तीनशे मागतोय. तू दिलेस?"

"हो. तुझेही मी भरतो."

"बर्फात अडकलेली त्याची मेंढरं काढलीत मी. आता मी गिऱ्हाईक?"

मी शेतकऱ्याला फोन केला. म्हटलं, चुकलं माझं, पहिल्यासारखंच राहू द्या. "छे! इतकी वर्षं मला हे सुचलंच नव्हतं," तो खुशीत म्हणाला.

शनिवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण सकाळी वारा छान होता. एकटाच गेलो. कबुतरं थव्यांनी उतरली. मी भराभर काडतुसं भरत होतो, छाती धडधडत होती, आणि कबूल करतो, इतकी मजा मला आधी कधीच आली नव्हती.

सहकारी पुन्हा त्या शेतावर गेला नाही. मी आणखी दोन वर्षं गेलो.