अनुभवाची अट

सांगलीहून मध्यरात्रीच्या एसटीने निघालो, पुण्यात गाडी बदलली आणि दुपार व्हायच्या आत अहिल्यानगरला माळीवाडा स्थानकावर उतरलो. गर्दीतून "सर, इकडे!" अशी हाक आली. रूथ शिंदे ही माझी जुनी विद्यार्थिनी. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो, तेव्हा ही मागच्या बाकावर बसून बिघडलेले रेडिओ उघडायची. आता ती औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात बिबट्या ओळखणारा कॅमेरा बनवते. दोन दिवसांपूर्वी फोनवर म्हणाली होती, "काढून टाका म्हणतायत, सर. चालू आहे तोवर एकदा बघून जा."

गाळ्याच्या भिंतीवर नवउद्योगाचं सरकारी प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांत तयार कॅमेरे पडून होते. रूथने एक उघडून आतला बोर्ड दाखवला.

"चित्र बाहेर कुठे पाठवायचं नाही. डब्यातच ओळखायचं. कुत्रं दिसलं तर गप्प, बिबट्या दिसला तर भोंगा. उसात रेंज कुठे असते?"

सरकारने वर्षभर चाचणीसाठी तिचा कॅमेरा राहात्याजवळच्या एका गावात बसवला होता. तो चांगला चालला. मग जिल्ह्यासाठी निविदा निघाली आणि त्यात अट आली: सरकारला असाच माल पुरवल्याचा तीन वर्षांचा अनुभव हवा. रूथ पहिल्याच पानावर बाद झाली. काम एका बड्या कंपनीला गेलं.

मी मान खाली घालून ऐकत होतो. मान खाली घालायचं कारण मला ठाऊक होतं, पण ते बोलायचा धीर झाला नाही.

जेवायला तिच्या आईने शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वेटोळी, तिखट रश्शात शिजवलेली) आणि बाजरीची भाकरी केली होती. नाकाडोळ्यांतून पाणी काढत जेवलो आणि रूथच्या जुन्या जीपमधून मनमाड रस्त्याला लागलो. रस्ता कसला, नुसते खड्डे! राहुरीच्या पुढे एका खड्ड्यात टायर फुटला. स्टेपनी बसवताना माझा सदरा काळा झाला. ज्यांना रस्ता धड करता येत नाही ते नव्या तंत्रज्ञानाची धोरणं छापतात, असं मी पुटपुटलो. रूथने जीप चालू केली.

गाव कालव्याच्या कडेला आहे. शेवटच्या घरामागे ऊस सुरू होतो, तो नजर पोचेल तिथवर. त्या घरात कमलबाई राहतात. शेतमजुरी करतात, दोन नाती त्यांच्याकडे असतात. शाळेची वाट उसाच्या कडेनेच जाते.

"आदी रोज पत्रा वाजवीत पोरींना घालवायला जायचे," त्या म्हणाल्या. "वाघानं (इकडे बिबट्याला वाघच म्हणतात) दारातलं करडू नेलं हुतं. ह्यो डबा बसल्यापास्नं त्यो वरडला की आमी आत. लई आधार हाय."

खांबावरच्या रूथच्या डब्याखाली वन खात्याचे एक अधिकारी शिडी घेऊन उभे होते. शेजारच्या खांबावर कंपनीचा नवा चकचकीत कॅमेरा होता. तो चित्र दूरच्या शहरात पाठवतो, तिथून उत्तर आलं की भोंगा वाजवतो. त्याचा तांबडा दिवा लुकलुकत होता.

"हा चालतो का?" मी विचारलं.

"रेंज आली की चालतो," ते म्हणाले. "पण खांब शासनाचा आहे. चाचणीची मुदत संपली. मला मोकळा करून घ्यावा लागेल."

"म्हणजे चालणारा काढायचा आणि न चालणारा ठेवायचा?"

"अट पूर्ण करणाऱ्याचाच ठेवता येतो."

माझा आवाज चढला. आणि मग दुपारपासून दडवलेलं बाहेर पडलं. "ती अट मीच सुचवली होती. तुमच्याच खात्याच्या सल्लागार समितीत होतो मी. बोगस पुरवठादार येऊ नयेत म्हणून."

अधिकाऱ्यांनी शिडी खांबाला लावली. "मग तुम्हाला कळेल, सर, माझ्या हातात काही नाही."

रूथने माझ्याकडे पाहिलं, मग शिडी धरली आणि स्वतःच वर चढली. डबा आणि त्याचं सोलर पॅनेल घेऊन खाली आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मला तिथे उभं राहवेना.

"खांब सरकारचा. डबा कोनाचा?" कमलबाईंनी विचारलं.

"माझा," रूथ म्हणाली.

"मंग देवळाच्या भिताडाला लाव की! तितं कोन इचारतंय?"

देऊळ म्हणजे गावचं छोटं चर्च, उसाला अगदी लागून. कमलबाई तिथल्याच. त्या जाऊन पंचांना घेऊन आल्या. त्यांनी "व्हय, लावा" म्हटलं आणि स्वतः ड्रिल आणलं. मी खाली वायर धरली. अधिकारी जाताना हळूच म्हणाले, "मी काही पाहिलं नाही."

दिवस कलताना आम्ही कमलबाईंच्या अंगणात चहा पीत होतो, तोच भोंगा वाजला. कमलबाईंनी नातींना दंडाला धरून आत ओढलं, आम्हीही घुसलो. बिबट्या गेल्यावर रूथने डब्यातलं कार्ड काढून आपल्या कॅमेऱ्याचं चित्र फोनवर दाखवलं. बांधावर बिबट्या उभा होता आणि त्याच्या मागे सरकारी खांब. त्यावरच्या कंपनीच्या कॅमेऱ्याचा भोंगा वाजलाच नव्हता.

परतताना जीपमध्ये मी माफी मागितली.

"माफी नको, सर," ती म्हणाली. "पहिलं गिऱ्हाईक हवं होतं. प्रमाणपत्र दिलं, सत्कार केला, शाल दिली. एक डबा मात्र घेतला नाही." पुढचा खड्डा चुकवून म्हणाली, "गाळा सोडतेय. बाहेरच्या देशातल्या कंपनीने नोकरी दिलीय. हेच बनवायचं आहे. त्यांच्याकडे अनुभव आहे."

सकाळी तिने मला गाडीत बसवून दिलं.

सांगलीपर्यंत गुडघ्यावर वही ठेवून खात्याला पत्र लिहीत होतो. नवं काही बनवणाऱ्याकडे जुना अनुभव मागणं हा शुद्ध मूर्खपणा आहे आणि तो मी केला, असं स्वच्छ लिहिलं. आपल्या लेकीबाळींनी बनवलेली वस्तू सरकार पहिल्यांदा विकत घेणार नसेल, तर उद्योग उभारण्याच्या गप्पा बंद कराव्यात, हेही लिहिलं. पत्राला उत्तर येईल न येईल. रूथ पुढच्या सोमवारी जाते आहे.